शालेय रसायनशास्त्रातील क्षारनिर्मिती

आम्ल व आम्लारी यांच्या विक्रियेने क्षार व पाणी मिळते, एवढ्यावर थांबणारे शालेय अध्यापन अपुरे होय. क्षार कोणत्या कृतीने तयार करावयाचा, हे मुख्यतः त्याच्या विद्राव्यतेवरून ठरते. शिशाच्या कार्बोनेटावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल ओतल्यास अविद्राव्य सल्फेटाचा थर कणांवर बसून विक्रिया खुंटते. म्हणून कार्बोनेट आधी नायट्रिक आम्लात विरघळवून मग सल्फेटाचा अवक्षेप पाडावा लागतो. केवळ समीकरणातून हे उमगत नाही. १९३० च्या सत्याग्रहाने प्रसिद्धीस आलेली, तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोड्याची मिठागरे याच तत्त्वाचा दाखला होत : समुद्रजल आटताना प्रथम जिप्सम, नंतर मीठ वेगळे होते, मॅग्नेशियमचे अतिविद्राव्य क्षार उरलेल्या कडू पाण्यात राहतात. प्रयोगवहीत समीकरणापूर्वी विद्राव्यतेचा विचार नोंदविला गेला, तरच क्षारनिर्मिती पाठांतराच्या कक्षेतून सुटेल.