वेगवान सुळा आणि वाढलेले हेलपाटे : दात सरळ करण्याच्या उपचारांतील प्रकाशोपचाराची चिकित्सा

बीजसंज्ञा : ऑर्थोडॉन्टिक्स, अल्पशक्ती लेसर, सुळ्याचे सरकणे, उपचारकाल, भिवंडी

प्रस्तावना

वेड्यावाकड्या दातांना तारा बसवून ते ओळीत आणण्याचा उपचार साधारणतः दीड ते दोन वर्षे चालतो. हा काळ रुग्णास कंटाळवाणा वाटतो आणि दंतवैद्यासही अडचणीचा ठरतो. तो कमी व्हावा म्हणून गेल्या काही दशकांत जे उपाय पुढे आले, त्यांत अल्पशक्तीच्या लेसर किरणांचा किंवा अवरक्त प्रकाशाचा हिरडीवर मारा करणे हा सर्वांत सौम्य उपाय होय. त्यात शस्त्रक्रिया नाही, रक्तस्राव नाही, उष्णतेचा दाहही जाणवत नाही. या सौम्यपणामुळेच त्याची चिकित्सा पुरेशी कठोर झाली नाही, असे म्हणावयास जागा आहे. दात महिन्याला किती मिलिमीटर सरकला, हे बहुतेक प्रयोगांनी मोजले. रुग्णाचा एकूण वेळ वाचला काय, हे मोजणारे फार थोडे आहेत.

प्रकाश आणि हाड

तारेच्या ताणाने दात सरकतो, तो हाडात खिळा रुतावा तसा नव्हे. ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड विशिष्ट पेशी झिजवितात आणि ज्या बाजूस ताण पडतो तेथे दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. या झीज-भरतीच्या गतीवर दाताची गती अवलंबून असते. प्रकाश पेशींतील मायटोकॉन्ड्रियामधील एका विकराकडून शोषला जातो, पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि हाडाची उलाढाल वेग घेते, असे या उपचाराचे गृहीतक आहे.

या विचाराचे मूळ बुडापेस्ट येथे सापडते. एंद्रे मेस्टर यांनी १९६७ मध्ये उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर रुबी लेसर वापरला, तेव्हा तेथील केस अधिक झपाट्याने उगवल्याचे त्यांना दिसले. दातांच्या क्षेत्रात कावासाकी व शिमिझू यांचा २००० सालचा उंदरांवरील प्रयोग महत्त्वाचा मानला जातो. त्यात लेसर दिलेला दात सुमारे १.३ पट अधिक सरकला. २००४ मध्ये क्रूझ व सहकाऱ्यांनी ११ रुग्णांवर असाच प्रयोग करून ३४ टक्के अधिक वेगाची नोंद केली. उलट २००६ मध्ये लिम्पनिचकुल व सहकाऱ्यांना १२ रुग्णांत काहीच फरक आढळला नाही. तरंगलांबी, ऊर्जेची मात्रा आणि किरण देण्याचे अंतर प्रत्येक प्रयोगात निराळे असल्याने हे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहणेही अवघड होते. औषधाची मात्रा ठरलेली नसताना औषध गुणकारी आहे असे म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे.

नागपूरचा प्रयोग

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत उल्लेखनीय काम नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालयात झाले. गौरी दोशी-मेहता व वसुंधरा भड-पाटील यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिक्सच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर उद्धृत केला गेला. ज्यांच्या पहिल्या उपदाढा काढणे आवश्यक होते अशा २० रुग्णांत मोकळ्या झालेल्या जागेत सुळा मागे ओढण्यात आला. जबड्याच्या एका बाजूस अवरक्त डायोड लेसर आणि दुसऱ्या बाजूस केवळ स्प्रिंगचा ताण, अशी रचना होती. लेसरच्या बाजूचा सुळा सरासरी ३० टक्के अधिक वेगाने सरकला. त्या बाजूच्या वेदनाही कमी होत्या.

रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होत असल्याने वय, आहार, हाडाचा स्वभाव यांतील भेद या रचनेत आपोआप गळून पडतात. हे तिचे बळ आहे. मात्र तीत एक गोष्ट मोजलीच जाऊ शकत नाही. एकाच तोंडाच्या दोन बाजूंची तुलना केली की एकूण उपचार कधी संपला हा प्रश्न विचारता येत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या तारा एकाच दिवशी निघतात.

हेलपाट्यांचा हिशेब

नागपूरच्या प्रयोगात लेसर पहिल्या महिन्यात ०, ३, ७ व १४ या दिवशी आणि पुढे दर १५ दिवसांनी देण्यात आला. हे वेळापत्रक प्रयोगशाळेतून उचलून एखाद्या गावात ठेवले की त्याचा अर्थ बदलतो.

भिवंडीतील धामणकर नाका घ्यावा. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोच्या आराखड्यात अंजूरफाटा आणि भिवंडी यांच्यामध्ये या नाक्याच्या नावाचे स्थानक आहे. शहर यंत्रमागाचे, येथे मागावरील कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते, म्हणजे खाडा झाला की मजुरी बुडते. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय गाठावे लागते. भिवंडी रोड स्थानक वसई–दिवा मार्गावर असल्याने मुंबईची थेट लोकल नाही. आधी ठाणे किंवा कल्याण गाठायचे, मग गाडी. एका तपासणीत दिवस जातो. मुलाबरोबर आई किंवा बाप आला तर दोघांचा.

आता साधे गणित मांडून पाहावे. सुळा ६ मिलिमीटर मागे न्यायचा आहे आणि नेहमीचा वेग महिन्याला सुमारे १ मिलिमीटर आहे, असे धरू. १८० दिवस लागतील. महिन्याला एक तपासणी धरली तर आरंभ व अखेर मिळून ७ खेपा. वेग ३० टक्क्यांनी वाढला तर तेच अंतर सुमारे १३८ दिवसांत संपेल. वाचले ४२ दिवस. परंतु वरील वेळापत्रकानुसार १३४ व्या दिवसापर्यंतच १२ खेपा होतात. दिनदर्शिकेवरचा वेळ घटला आणि रुग्णाचा वेळ वाढला! शिवाय सुळा मागे नेणे हा उपचाराचा एक टप्पा आहे. समोरचे दात मागे घेणे आणि चावा नीट जुळविणे ही कामे त्यानंतर उरतातच.

किरण नेहमीच्या तपासणीच्या दिवशीच दिले तर ही अडचण सुटेल, असा युक्तिवाद होऊ शकतो. कराचीतील कमरुद्दीन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २२ रुग्णांवर तसेच केले. लेसर दर ३ आठवड्यांनी दिला. त्यांच्या नोंदीप्रमाणे लेसरच्या बाजूचा सुळा जवळजवळ दुप्पट सरकला. हा आकडा आनंदापेक्षा शंका अधिक निर्माण करतो. वारंवार दिलेल्या किरणांनी ३० टक्के आणि विरळ दिलेल्या किरणांनी १०० टक्के लाभ होत असेल, तर लाभ किरणांचाच आहे हे आधी सिद्ध झाले पाहिजे. दोन्ही प्रयोगांतील उपकरणे व ब्रॅकेट वेगळे होते हे मान्य करूनही ही विसंगती सहज मिटत नाही. घरी रोज काही मिनिटे तोंडात धरावयाची ८५० नॅनोमीटर प्रकाशाची उपकरणेही निघाली आहेत. त्यांनी खेप वाचते. मात्र खर्च वाढतो आणि शिस्तीचा भार मुलावर पडतो.

कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये शस्त्रक्रियेविना गती वाढविण्याच्या उपायांचा अद्ययावत आढावा प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष वरील हिशेबाशी जुळणारा आहे : एकूण उपचारकाल घटविण्यात प्रकाशोपचाराचा अधिक लाभ दिसत नाही, एखाद्या टप्प्यात थोडी गती मिळत असेलही, परंतु तिचे व्यावहारिक महत्त्व शंकास्पद आहे, आणि उपलब्ध पुराव्याची विश्वासार्हता अल्प ते अत्यल्प आहे. यातील शेवटचा भाग दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुरावा दुबळा असणे म्हणजे उपचार निरुपयोगी ठरणे नव्हे. तथापि दुबळ्या पुराव्यावर ‘निम्म्या वेळात दात सरळ’ अशी पाटी लावणे शास्त्राच्या कक्षेत बसत नाही.

वेदनेचा प्रश्न

नागपूरच्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष त्या मानाने दुर्लक्षित राहिला. तार घट्ट केल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात, भाकरीचा तुकडा चावणे कठीण होते आणि काही मुले याच काळात उपचार सोडण्याची भाषा करतात. वेदनाशमनाच्या औषधाविना उपायांवरील कोक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात, लेसरमुळे अल्पकाळ वेदना कमी होऊ शकतात असे दिसले. पुरावा येथेही कमकुवतच होता. येथे दावा लहान आहे आणि तपासण्यास सोपा आहे. तार ओढली त्याच बैठकीत किरण देता येतात, वेगळी खेप पडत नाही, आणि गुण आला की नाही हे रुग्ण दोन दिवसांत स्वतः सांगू शकतो. नागपूर किंवा मुंबईच्या दंत महाविद्यालयांत पुढील प्रयोग आखला गेला, तर त्यात मिलिमीटरच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने असावेत : एकूण खेपा, बुडालेले कामाचे दिवस आणि तार ओढल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी रुग्ण काय चावू शकला याची नोंद.