परशुरामाला नोटीस



परवा तुर्भ्याच्या अभ्यासवर्गात ‘गुलामगिरी’ वाचताना दोन पोरं भांडली. एक म्हणाला, "बामणांच्या भाकडकथा खोडायच्या सोडून जोतिबांनी नव्या कशाला रचल्या?" दुसरा उसळला, "रचल्या नाहीत, इतिहास आहे तो. आता डीएनएनं सिद्ध झालंय. ते परके, आपण मूळनिवासी." माझ्या मते दोघांनीही पुस्तक अर्धंच वाचलंय.

‘गुलामगिरी’ छापली गेली १८७३ साली. त्यात परशुरामाच्या नावानं जाहीर नोटीस आहे, तारीख १ ऑगस्ट १८७२. चिरंजीव आहेस ना, मग सहा महिन्यांच्या आत लोकांपुढं हजर हो, असा तिचा मतलब. जोतिबा इथं पुराणाला शिव्या देऊन थांबत नाहीत, त्याची परीक्षा घेतात. दावा आहे, मुदत दिली, आता पुरावा आणा. विज्ञान म्हणजे हेच. त्याला प्रयोगशाळाच लागते असं नाही.

आपली ही कोकणपट्टी म्हणे परशुरामानं समुद्र हटवून काढली. मग तुर्भ्याच्या डोंगरातला खाणीचा काळा पत्थर बघा. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या लाव्ह्याचा आहे तो. नवी मुंबईसाठी खाडीकाठची दलदल बुजवून जमीन झाली, तीही मजुरांनी भराव टाकला म्हणून. बाण मारून झाली नाही.

पण तेच जोतिबा त्याच पुस्तकात बळीराजा उभा करतात. ‘महार’ म्हणजे ‘महाअरी’, परशुरामाशी वारंवार झुंजलेला मोठा शत्रू, असं सांगतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकत नाही. आर्यांच्या स्वारीची कल्पना युरोपियन पंडितांची, त्या काळचं सायन्स. ते सायन्स आणि खेड्यातल्या आयाबाया दिवाळीला ज्याचं राज्य मागतात तो बळी, दोन्ही जोतिबांनी एकत्र बांधलं. का? जोहार घालून वाकलेल्या माणसाला ‘तू पाप्याच्या पोटचा नाहीस, लढून हरलेल्यांचा वारस आहेस’ हे कुणीतरी सांगायला हवं होतं. नुसत्या आकड्यांनी पाठीचा कणा ताठ होत नाही. पहिल्या पोराला हे दिसलं नाही.

दुसऱ्याला बाबासाहेब दिसले नाहीत. शूद्र मूळचे कोण, हे शोधणारा त्यांचा ग्रंथ १९४६ चा. तो जोतिबांना अर्पण केलाय, आणि त्याच ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धांत मोडीत काढलाय. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये डॉ. घुर्ये यांनी दिलेली नाकांची मापं तपासून ते म्हणतात की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. गुरू मानायचं, पुस्तक अर्पण करायचं आणि गुरूचा पुरावा दुरुस्तही करायचा! पण त्यांनी स्मृती फेकली नाही. १९५६ साली दीक्षेला नागपूर का निवडलं हे सांगताना त्यांनी नाग लोकांचीच आठवण दिली.

आता डीएनए. २०१९ साली प्राचीन सांगाड्यांवरचे निष्कर्ष आले. इसवीसनपूर्व २००० नंतर मध्य आशियाच्या बाजूनं पशुपालक आले, असं ते सांगतात. पण आज आपल्याकडचे बहुतेक समाज सरमिसळीतूनच झालेत, हेही तेच सांगतात. यातलं सोयीचं वाक्य उचलून घोषणा करायची, हे पुराणिकाचंच काम झालं. फक्त पोथीच्या जागी रिपोर्ट आला.

शिवाय ही घोषणा आपल्याच अंगावर येते. तुर्भ्यात आपण कुठं मूळचे? १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर कुणाचा बाप जालन्याहून आला, कुणाचा बीडहून. कुणी खाणीत दगड फोडला, कुणी मार्केटात गोणी उचलली. उद्या झोपडं पाडायला आलेला माणूस म्हणेल, ‘मूळनिवासी इथले आगरी-कोळी, तुम्ही उपरे.’ मग काय डीएनएचा कागद दाखवणार? आपला हक्क कोण आधी आलं यावर उभा नाही. तो माणूसपणावर आणि घामावर उभा आहे. जात रक्तात नव्हती, कायद्यात, रिवाजात आणि पाणवठ्यावर होती. म्हणून तर ती मोडता येते.

बळी सांगा, नाग सांगा, कलापथकात गा. पण ही आपली स्मृती आहे म्हणून सांगा, शास्त्राचा शिक्का मारू नका. आणि नोटीस फक्त परशुरामाला काढून थांबू नका. आपल्या घोषणांनाही काढा, सहा महिन्यांची मुदत देऊन.

पुढच्या वर्गाला दोन्ही पोरांनी दोन्ही ग्रंथ आणावेत. आधी वाचू, मग भांडू.