अंतराचा नियम आणि अंतराचे कारण

विमानविद्येतील सुरक्षिततेचे पुष्कळसे नियम हे अंतराचे नियम होत. एकामागून एक उतरणाऱ्या दोन विमानांत किती सागरी मैल असावेत, समांतर धावपट्ट्या परस्परांपासून किती मीटर असाव्यात, न पारखलेल्या फिरत्या पात्यापासून मनुष्याने किती दूर राहावे, हे सर्व आकड्यांनी सांगितले जाते. आकडा पाठ करण्यास सोपा असतो. परंतु तो कशासाठी ठरला हे ठाऊक नसल्यास तो कोठे पुरेल व कोठे अपुरा पडेल, हे कळत नाही. विमानामागील भोवऱ्यांसंबंधीचे नियम या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहेत.

उडत्या विमानाच्या पंखाखालील दाब वरील दाबाहून अधिक असतो. त्यामुळे पंखांच्या टोकांशी हवा खालून वर वळते आणि विमानामागे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन भोवरे निर्माण होतात. त्यांचा जोर विमानाच्या वजनाच्या सम प्रमाणात, तर वेग व पंखविस्तार यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून जड आणि संथ विमान मागून येणाऱ्यास सर्वांत घातक. हे भोवरे मिनिटास सुमारे १०० ते १५० मीटर खाली येतात आणि जमिनीजवळ पोहोचल्यावर दोन्ही बाजूंस पांगतात.

आंतरराष्ट्रीय नियमाने यांतील एकच घटक, म्हणजे वजन, प्रमाण मानला. ७ टनांपर्यंतचे विमान हलके, १३६ टनांपासून पुढचे जड, मधले मध्यम. जड विमानामागे मध्यम विमानाने ५ व हलक्याने ६ सागरी मैल अंतर राखावे, अशी ही व्यवस्था. तिचा गुण सुटसुटीतपणा, दोषही तोच. बोईंग ७५७ हे सुमारे ११५ टनांचे विमान त्या मर्यादेच्या आत बसत होते. १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बिलिंग्ज येथे आणि १९९३ च्या डिसेंबरात सांता ॲना येथे त्याच्यामागून उतरणारी दोन लहान विमाने भोवऱ्यात सापडून कोसळली व एकूण १३ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही प्रसंगी मागील वैमानिक पुढचे विमान डोळ्यांनी पाहून अंतर राखीत होता, आणि त्याच्या मार्गाच्या खालून येत होता. भोवरा खाली उतरतो, हे कारण जेथे ध्यानी नाही तेथे डोळ्यांना दिसणारे अंतर फसवे ठरते. पुढे २०१२ मध्ये मेम्फिस येथे सहा वर्गांची नवी विभागणी अमलात आली, आणि २०१५ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर समोरच्या वाऱ्याचा विचार करून अंतर मैलांऐवजी वेळेने मोजू लागले. नियम कारणाच्या जवळ सरकला, तो असा.

समांतर धावपट्ट्यांच्या बाबतीत ७६० मीटर ही संख्या प्रसिद्ध आहे. याहून कमी अंतरावरील दोन धावपट्ट्या भोवऱ्यांच्या दृष्टीने एकच समजल्या जातात. या संख्येचा अर्थ साध्या गणिताने उलगडतो. जमिनीजवळ भोवरा सेकंदास सुमारे दीड मीटर वेगाने बाजूस सरकतो. तितकाच आडवा वारा असल्यास वाऱ्याच्या दिशेचा भोवरा सेकंदास ३ मीटर सरकेल, तर दुसरा धावपट्टीवरच खिळून राहील. सॅन फ्रान्सिस्को येथील दोन धावपट्ट्यांमधील सुमारे २३० मीटर अंतर तो सव्वा मिनिटात ओलांडील. ७६० मीटर ओलांडण्यास त्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागेल, आणि तोवर तो बहुधा क्षीण झालेला असेल. म्हणजे ही संख्या भिंत नव्हे, भोवऱ्याच्या आयुष्याचा तो एक अंदाज होय. मंद वारा निर्धोक, ही समजूतही येथे उलटी ठरते.

महाराष्ट्रापुरते पाहता, मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात; त्या स्वतंत्रपणे चालविता येत नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये वाहतूक सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या १५५० मीटर अंतरावर योजिल्या आहेत. हे अंतर ७६० मीटरच्या दुपटीहून अधिक आहे. तथापि त्यामुळे भोवऱ्यांचा प्रश्न मिटतो, असे मानणे चूक ठरेल. शेजारच्या धावपट्टीची बाधा टळते. एकाच धावपट्टीवर जड विमानामागे येणाऱ्या हलक्या विमानाचे अंतर जेथल्या तेथे राहते. धावपट्ट्या दुप्पट म्हणून सामर्थ्य दुप्पट, हा हिशेब उतरणाऱ्या विमानांचा क्रम पाहिल्यावाचून मांडता येत नाही.

या चर्चेचे महत्त्व मोठ्या विमानतळांपुरते नाही. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे ऑगस्ट २०२१ मध्ये एक तरुण कारागीर स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत असता पात्याच्या आघाताने मरण पावला. वृत्तपत्रांनी त्याच्या जिद्दीचे कौतुक केले, ते योग्यच. परंतु कौतुक आणि हळहळ यांपलीकडे विवेचन फारसे गेले नाही. नवे पाते प्रथम दुरून, कोणासही जवळ न ठेवता फिरवून पारखावे, ही कारखान्यांतील रीत होय. सांधा कमकुवत असल्यास वेगाने फिरणारे पाते निखळून कोणत्याही बाजूस जाऊ शकते, हे तिचे कारण. ही रीत आणि तिचे कारण गावातील कारागिराच्या हाती त्याच्या भाषेत पडेल, अशी सोय किती आहे, हा प्रश्न त्या घटनेने उभा केला. आकडे परिपत्रकांतून मिळतात. कारणे शिकवावी लागतात. अभियांत्रिकीच्या मराठी पाठ्यसामग्रीची पारख करताना, तिने नियमांबरोबर त्यांची कारणे किती दिली आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे.