परेराची साक्ष

तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून जिंकला. म्हणून पोर्तुगीज राजवट आपणांस फार जुनी गोष्ट वाटते. परंतु तलासरीपलीकडील दादरा व नगर हवेली १९५४ पर्यंत, तर गोवा १९६१ पर्यंत त्याच देशाच्या ताब्यात होते. आणि त्या देशावर अखेरची पस्तीस वर्षे हुकूमशाही होती.

२८ मे १९२६ रोजी पोर्तुगीज लष्कराने बंड करून प्रजासत्ताक उलथविले. सत्ता मिळाली, पण राज्याचा जमाखर्च सेनानींना सावरेना. १९२८ मध्ये त्यांनी कोइंब्रा विद्यापीठातील प्राध्यापक सालाझार यांस अर्थमंत्री नेमले. १९३२ मध्ये ते पंतप्रधान झाले व १९६८ पर्यंत त्या पदावर राहिले. ते सेमिनरीत शिकलेले, श्रद्धाळू गृहस्थ. १९१० नंतर प्रजासत्ताकाने ख्रिस्तसभेचा छळ केला होता. त्यामुळे अनेक भाविकांना ते तारणहार भासले. वृत्तपत्रांवरील नियंत्रण आणि गुप्त पोलीस यांकडे मग काणाडोळा झाला.

हा काणाडोळा हाच अंतोनिओ ताबुक्की या इटालियन लेखकाच्या १९९४ मधील कादंबरीचा विषय आहे. काळ १९३८, स्थळ लिस्बन. परेरा हा एका सायंदैनिकाच्या साहित्यपानाचा कॅथलिक संपादक. विधुर, स्थूल, पत्नीच्या तसबिरीशी बोलणारा. राजकारण आपले क्षेत्र नव्हे, अशी त्याची समजूत. त्याला पहिला धक्का देतात ते फादर अंतोनिओ. अलेन्तेजू प्रांतात पोलिसांनी एका गाडीवानाला ठार केले, हे पत्रकार असूनही त्याला ठाऊक नसते आणि फादर त्याला खडसावतात. पुढे त्याने आश्रय दिलेल्या तरुणाला त्याच्याच घरात पोलीस मारून टाकतात. तेव्हा परेरा सेन्सॉरला चकवून ती हकीकत स्वतःच्या सहीने छापतो.

‘असे परेरा सांगतो’ हे पालुपद कादंबरीभर येते. त्यामुळे निवेदनाला साक्षीचे रूप लाभते. साक्षीदार भित्रा आहे, म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो. एक उणीव मात्र जाणवते. येथील मारेकरी सरळसरळ दुष्ट आहेत. राजवटीवर मनापासून प्रेम करणारा सज्जन भाविक ठळकपणे भेटत नाही. वास्तविक त्याच्याच बळावर अशा राजवटी टिकतात. वसाहतींतील प्रजेचे दुःखही कादंबरीच्या चौकटीबाहेर राहिले आहे.

ते दुःख आपल्याजवळचे आहे. गोव्यातील कॅथलिक देशभक्त त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. पुढे सुटका करून घेऊन ते मुंबईस आले आणि १९५८ मध्ये तेथेच वारले. तरीही ‘त्या काळी शिस्त होती, चोऱ्या नव्हत्या’ हे वाक्य आजही आपल्या घरांतून ऐकू येते. खुद्द पोर्तुगालमध्ये २००७ साली दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी सालाझार यांना ४१ टक्के मते देऊन सर्वश्रेष्ठ पोर्तुगीज ठरविले.

शिस्त आठवते, कारण ती रस्त्यावर दिसत होती. तुरुंग दिसत नव्हता. ज्या राजवटीने आपल्या वेदीचा आडोसा घेतला, तिच्या तुरुंगाची आठवण ठेवणे हे आपले विशेष कर्तव्य आहे. बोईसर-पालघरच्या घरांतून ही कादंबरी वाचली जावी, ती एवढ्यासाठी.