'ओ' या चिन्हाचा दोष : मुंबई रक्तगटाच्या संज्ञेविषयी

रक्तगटांची परिभाषा भाषाशास्त्राच्या कसोटीला लावण्याचा प्रसंग आपल्याकडे क्वचितच येतो. तथापि १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे, भाटिया व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी यांनी प्रसिद्ध केलेले टिपण त्या दृष्टीने अवश्य वाचावे. त्याच्या शीर्षकात 'नवे' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे, आणि नव्या गटाऐवजी एका 'लक्षणा'चा निर्देश आहे. हा संयम पुढील लेखनात टिकला नाही.

मुंबईत आढळलेल्या त्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए व बी हे प्रतिजन नव्हतेच. पण ते ज्यावर उभारले जातात तो एचही नव्हता. 'ओ' गटाच्या पेशींवर एच विपुल असतो. म्हणजे ज्याला आपण शून्य समजत होतो तो 'ओ' शून्य नव्हेच. व्याकरणाच्या भाषेत, प्रत्यय लोपला तरी प्रकृती उरते; येथे प्रकृतीच नाही.

असे असता या लक्षणाला 'ओ'च्या पायाशी 'एच' जोडून चिन्ह दिले गेले, आणि मराठी नियतकालिके त्यास सर्रास 'ओचा दुर्मिळ प्रकार' म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हे चिन्ह सदोष आहे. अशा व्यक्तीकडे ए किंवा बी जनुक दडलेले असू शकते. १९५५ साली लेव्हीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबात असे दडलेले बी जनुक आईकडून मुलीकडे गेल्याचे दाखविले होते. आज या अभावाचे मूळ एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एफयूटी-१ या जनुकात सापडते. ए-बी-ओचे जनुक नवव्यावर आहे. दोन स्वतंत्र व्यवस्था एका अक्षरात कोंबल्या गेल्या.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. केवळ पेशी तपासल्या तर अहवालात 'ओ' असेच येते; रक्तरस 'ओ' पेशींशी ताडून पाहिला तरच भेद कळतो. अशा रुग्णाच्या रक्तरसात एचविरोधी प्रतिपिंड असल्याने 'ओ' रक्त त्याच्या प्राणावर बेतते. शिवाय, दिव्याच्या एखाद्या चाळीत एबी गटाच्या पित्याच्या हाती अपत्याचा 'ओ' असा अहवाल पडला, तर शालेय नियमाप्रमाणे ते अपत्य त्याचे ठरत नाही, आणि संशय निष्कारण आईवर जातो. भाटिया व साठे यांच्या १९७४ च्या पाहणीत मुंबईत हे प्रमाण सुमारे ७,६०० त एक असे निघाले. मध्य रेल्वेच्या उपनगरांची वस्ती ध्यानी घेता ही उदाहरणे काल्पनिक राहत नाहीत.

म्हणून 'बॉम्बे' हे नाव, शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १९९५ साली बदलल्यावरही, मला अधिक सुरक्षित वाटते. ते काहीच सांगत नाही, म्हणून चुकीचेही सांगत नाही. (भाटिया पुढे परळच्या ज्या संस्थेचे संचालक झाले, तिचा आरंभ १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाला, तेथे संदर्भ हाच शब्द निवडला गेला, हे योग्यच झाले.) अर्थवाही मराठी संज्ञा हवीच असेल, तर 'एच-अभाव' म्हणावे, आणि अहवालात 'ओ'च्या रकान्यात ती कदापि लिहू नये.