बाळंतपण कोण करतं?

ब्रिटनमधल्या वाचकांना 'कॉल द मिडवाइफ' ही मालिका वेगळी सांगायला नको. जानेवारी २०१२ मध्ये ती बीबीसीवर सुरू झाली आणि २०२५ मध्ये तिचं चौदावं पर्व येऊन गेलं. रविवारी रात्री चहाचा कप घेऊन, डोळे पुसत बघायची मालिका अशी तिची ख्याती आहे. इतर देशांतल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जेनिफर वर्थ या नर्सच्या आठवणींवरून हायडी थॉमस यांनी ती रचली. कथा १९५७ साली सुरू होते, पूर्व लंडनमधल्या पॉप्लर या गोदी कामगारांच्या वस्तीत. तिथल्या 'नोनाटस हाउस' या मठात नन्स आणि तरुण मिडवाइफ एकत्र राहतात, सायकलवरून घरोघरी जातात आणि बायकांची बाळंतपणं करतात.

'बाळंतपणं करतात' हे शब्द मुद्दाम वापरले. मराठीत जिला मूल होतं ती 'बाळंत होते'. बाळंतपण 'करते' ती दुसरीच कुणीतरी: आई, सासू, मावशी, सुईण. आणि ते मूल बाहेर आलं की संपत नाही. शेक-शेगडी, तेल लावणं, अळिवाची खीर, रात्री रडणाऱ्या बाळाला घेऊन बसणं, असा निदान सव्वा महिन्याचा तो पसारा असतो. मायेने करायचं, पण शेवटी कामच. परदेशात राहणाऱ्या आपल्याला हे चांगलं कळतं. 'आई कधी येणार बाळंतपणाला?' हा प्रश्न इथे व्हिसाच्या तारखांशी बांधलेला असतो. या मालिकेकडे मला याच शब्दाच्या नजरेने बघावंसं वाटतं.

पहिल्याच भागातली काँचिता वॉरन आठवा. मूळची स्पॅनिश, चोवीस मुलांची आई. तिला इंग्रजी येत नाही, नवऱ्याला स्पॅनिश येत नाही. पंचविसावं मूल अपुऱ्या दिवसांचं होतं. त्याला हॉस्पिटलात न्यायचं ठरतं, पण ती त्याला छातीशी घट्ट धरून ठेवते, देत नाही. मूल तिच्याजवळच राहतं आणि जगतं. हा प्रसंग नुसता भावुक नाही. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं, ही पद्धत पुढे १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांनी सुरू केली आणि आज जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. काँचिताला जे कळत होतं ते ऐकून घ्यायला समोरच्यांना तिची भाषा यावी लागली नाही. त्यांनी घाई केली नाही आणि मूल हिसकावून घेतलं नाही, इतकं पुरलं.

मालिकेतली करुणा गोडगोड नाही, हेही तिचं मोठं बळ. सिस्टर इव्हँजेलिना फटकळ आहे, गरिबीतून वर आलेली आहे, लाडे लाडे बोलणं तिला जमत नाही. पण तिच्या हाताखाली बाई निर्धास्त असते. हसतमुख चेहरा म्हणजे सहृदय शुश्रूषा, हा आपला समज ही व्यक्तिरेखा सहज मोडते.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी व्हनेसा रेडग्रेव्ह यांच्या आवाजातलं निवेदन येतं आणि पाहिलेल्याचा अर्थ आपल्याला सांगतं. तो अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: प्रेम. प्रेमाने सगळं निभावलं. पण तोपर्यंत पडद्यावर आपण काय पाहिलेलं असतं? मिडवाइफ बाईला दिवस असतानाच तिच्या घरी जाऊन आलेली असते. कोणत्या मजल्यावर खोली आहे, पाणी कुठून आणायचं, नवरा कसा आहे, हे तिला माहीत असतं. कळा सुरू झाल्या की ती येते आणि वार पडेपर्यंत उठत नाही. नंतरही कित्येक दिवस रोज येऊन बाळ-बाळंतीण बघून जाते. थकून परतली की तिच्यासाठी गरम जेवण आणि ऐकून घेणाऱ्या चार जणी असतात. १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा आहे, त्यामुळे बाईला पैशांची चिंता नाही. म्हणजे पडद्यावर दिसते ती व्यवस्था, आणि निवेदन श्रेय देतं ते स्वभावाला.

हा फरक नुसत्या समीक्षेपुरता नाही. करुणा हा स्वभाव मानला की ती कमी पडल्यावर दोष नर्सच्या स्वभावाला जातो. ती व्यवस्था मानली, तर त्या रात्री वॉर्डात किती जणी कामावर होत्या, हे विचारावं लागतं.

मालिकेला स्वतःला हे कळत नाही असं नाही. थॅलिडोमाइडची कथा बघा. डॉ. टर्नर हा पॉप्लरमधला सगळ्यात कनवाळू माणूस. तोच ओकाऱ्यांनी हैराण झालेल्या गरोदर बायकांना ते औषध देतो, आणि हातपाय अपुरे असलेली मुलं जन्मतात. ब्रिटनमध्ये ते औषध १९६१ च्या अखेरीस मागे घेतलं गेलं. इथे चांगुलपणात काहीच उणं नव्हतं. औषध तपासणारी यंत्रणा कमी पडली. चौदा पर्वांतला हा मला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो.

आता आजच्या ब्रिटनकडे या. मार्च २०२२ मध्ये डोना ऑकेंडन यांचा श्रूजबरी आणि टेलफर्ड इथल्या प्रसूतिसेवेवरचा अहवाल आला. जवळपास पंधराशे कुटुंबांची प्रकरणं त्यात तपासली आहेत. नीट काळजी घेतली असती तर २०१ बाळं कदाचित वाचली असती, असं तो सांगतो. अपुरा कर्मचारीवर्ग, बायकांचं न ऐकणं, झाल्या प्रकाराचा दोष आईवरच ढकलणं, हे सगळं त्यात एकत्रच येतं. वेळ दिला की माणूस आपोआप सहृदय होतो, असं मी म्हणत नाही. रिकामा बसलेला माणूसही तुसडा असू शकतो. पण एकाच वेळी तीन खोल्यांत धावणारी मिडवाइफ कितीही मायाळू असली, तरी तिची माया दारातूनच परत जाते.

उलट बाजूचा पुरावाही भक्कम आहे. प्रसूतीत सतत कुणी सोबत असण्याचा परिणाम काय, यावर २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या २६ चाचण्या आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया आहेत. सोबत असलेल्या बायकांमध्ये सिझेरियन कमी झाली, कळांचा काळ थोडा घटला, वेदनाशामकं कमी लागली आणि बाळंतपणाची कडू आठवण कमी जणींना राहिली. हात धरून बसणं हा उपचार आहे, असंच हे आकडे सांगतात. इंग्लंडची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की कळा नीट सुरू झाल्यावर एका बाईमागे एक मिडवाइफ हवी.

म्हणून ही मालिका जरूर बघा, रडायला आलं तर रडाही. फक्त शेवटचं निवेदन सुरू झालं की आवाज थोडा कमी करा आणि आधी काय काय पाहिलं ते आठवा. आणि तुमच्या घरात कुणाला दिवस असतील, तर नर्स स्वभावाने चांगली भेटू दे अशी प्रार्थना करून थांबू नका. आधीच विचारा: कळा सुरू झाल्यावर माझ्याजवळ कोण असेल? पाळी बदलली की नवीन येणारीला माझ्याबद्दल कोण सांगेल? दुभाषी मिळेल का? सोबतीला कोणाला आणता येईल? घरी गेल्यावर कोण येऊन बघेल? यांतला एकही प्रश्न उद्धटपणाचा नाही. आपल्या आज्यांनी ते कधी विचारले नाहीत, कारण बाळंतपण कोण करणार हे त्यांच्या घरात आधीच ठरलेलं असे. इथे ते आपल्याला ठरवून घ्यावं लागतं.