भीमाची बोटे आणि आपली समीक्षा

अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मी काही वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवतो आहे. ‘दारिद्र्याचे भेदक चित्रण’ हे तिच्याविषयीचे ठरलेले वाक्य. विद्यार्थी ते लिहितात, मी गुण देतो. यंदा एका मुलाने विचारले, “सर, भीमा दुसरं काम का बघत नाही?” त्या प्रश्नाने मला कथा पुन्हा वाचायला लावली. आपली समीक्षा तिच्या गाभ्यापर्यंत पोचलेली नाही, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

भीमा भिकारी नाही. तो कामासाठी मुंबईला आलेला, अंगात पहाड फोडण्याची ताकद असलेला गडी आहे. खाणीत त्याला काम मिळते आणि संसार मार्गी लागतो. मग एक दिवस खाण बंद होते. त्याच्या कष्टात काहीच उणे नव्हते, तरी भाकर जाते. पुढे स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते आणि तो मढी उकरू लागतो. म्हणजे कथेचा विषय नुसती भूक नाही. उद्याच्या भाकरीची शाश्वती नसणे, हा तिचा विषय आहे. उपासमार पोट जाळते. अशाश्वती माणसाचे काम बदलते, त्याची झोप बदलते आणि घरातल्या माणसांशी त्याचे बोलणेही बदलते. भीमाची बायको धास्तावलेली असते. तिला हा धंदा नको आहे. पण चूल त्याच सोन्यावर पेटते. ज्या भाकरीचा उगम घरात मोकळेपणी बोलता येत नाही, ती भाकर गोड कशी लागणार?

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. माझे वडील तालुक्याच्या बाजारात हमाल होते. मालाची गाडी आली तर काम, नाही आली तर दिवसभर आडतीच्या ओट्यावर बसणे. ज्या दिवशी गाडी येत नसे त्या दिवशी ते घरी येऊन म्हणत, “मी बाहेर खाल्लंय.” आई पुढे काही विचारत नसे. रोज बरा मिळाला त्या दिवशीही ती पीठ मोजूनच काढायची, कारण उद्याचा भरवसा नव्हता. भीमा भाकर कुठून आली ते लपवतो. माझे वडील ती आलीच नाही हे लपवत. दोन्ही खोटी एकाच मुळातून उगवलेली आहेत.

कथेच्या शेवटी प्रेताच्या जबड्यात भीमाची बोटे अडकतात. दोन बोटे जातात आणि तेवढ्यात खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. हा शेवट योगायोगाचा, ओढून आणलेला, असे मी स्टाफरूममध्ये ऐकले आहे. ज्याला महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार मिळतो त्याला तो योगायोग वाटणारच. रोजंदारीवाल्याला तसे वाटत नाही. खाण कधी मिटायची आणि कधी उघडायची हे दुसरीकडे ठरते, मजुराला ते सर्वांत शेवटी कळते. तोवर तगण्यासाठी त्याने अंगातले जे खर्च केले ते परत येत नाही. ज्या बोटांनी पहाड फोडायचा तीच बोटे गेली. भीमा लहान मुलासारखा रडतो, ते या हिशेबाचे रडणे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1938 साली मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. आपल्या समीक्षेने पहिल्या शत्रूला ठिकठिकाणी ओळखले, आणि ते आवश्यकच होते. ‘बलुतं’ (1978) वाचताना आपण शिळ्या तुकड्यामागचा अपमान पाहतो. पण बलुते हा मजुरीचाही प्रकार होता. राबणूक वर्षभराची, आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. ही मर्जी गावकीतून निघून खाणीत कशी आली, हे आपण क्वचितच विचारले.

ती मर्जी महाविद्यालयातही आली आहे. मी घरातला पहिला पदवीधर. सेट उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला तर पैसे. सुट्टीत तास नाही, म्हणून पैसे नाहीत. झालेल्या तासांचे पैसेही महिनोन् महिने अडकतात. माझी आणि भीमाची तुलना मी करणार नाही. माझ्या हातात हजेरीपट आहे, त्याच्या हातात मढे होते. हा फरक पुसणे हा त्याचा अपमान ठरेल. परंतु परवा वडिलांनी विचारले, “पगार झाला का?” आणि मी म्हणालो, “झाला.” रात्री जेवताना त्यांच्या ‘बाहेर खाल्लंय’ची आठवण झाली आणि घास फिरला.

त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले, भीमाने दुसरे कामच तर शोधले. त्यावर वर्गात कोणी हसले नाही. त्यांच्यापैकी अनेकांचे आईबाप रोजंदारीवर आहेत. यापुढे साहित्यकृतीतली भाकर दिसली, की ती कोणी दिली आणि ती थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आपण विचारले पाहिजे. त्याशिवाय ‘भेदक चित्रण’ लिहिणाऱ्याला मी आता पूर्ण गुण देणार नाही.